हात मोदकाचा, उकड जपानची

वागाशी, म्हणजे पारंपरिक जपानी मिठाई शिकायला टोकियोला आले तेव्हा एका गोष्टीचा मला पक्का भरवसा होता: तांदळाची पिठी आपल्याला कळते. मालवणात आजीच्या हाताखाली मोदक आणि पातोळ्या करतच मोठी झाले होते. शाळा एप्रिलमध्ये सुरू झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात काशिवामोची करायची वेळ आली.

5 मे हा जपानचा बालदिन, ‘कोदोमो नो हि’. 1948 पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे. त्याआधी हा ‘तांगो नो सेक्कू’ नावाने मुलग्यांचा सण होता. अजूनही घरांवर कापडी कार्प मासे फडकतात, अंघोळीच्या गरम पाण्यात शोबूची, म्हणजे वेखंडाची, लांब हिरवी पानं सोडतात आणि टोकियोच्या बाजूला घरोघरी काशिवामोची येते. तांदळाच्या पिठीची दुमडलेली पोळी, आत गोड आंको, म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं पुरण, आणि बाहेरून काशिवाचं पान. काशिवा ही ओकची एक जात. नवी पालवी फुटेपर्यंत तिची जुनी पानं गळत नाहीत, म्हणून वंश अखंड चालू राहो अशी त्यामागची इच्छा. हे पान खात नाहीत. मार्चमधल्या मुलींच्या सणाच्या साकुरामोचीचं खारवलेलं चेरीचं पान मात्र बरेच जण खातात, त्यामुळे नवख्या माणसाचा इथे गोंधळ होतो.

पान उलगडलं आणि मला थेट नागपंचमी आठवली. पातोळीचं हळदीचं पानही असंच सोलून बाजूला ठेवतात, वास तेवढा मागे राहतो. फरक एवढाच की पातोळी पानासकट वाफवतात आणि काशिवामोचीला पान गुंडाळतात ते ती निवल्यावर.

आता कामाचं. नावात मोची असलं तरी ही चिकट तांदळाची नाही. पिठी असते जोशिनको, म्हणजे रोजच्या भाताच्या तांदळाची. आपण आधी उकड काढतो, मळतो, सारण भरतो आणि मग वाफवतो. इथे वाफ आधी आणि सारण नंतर. पिठी गरम पाण्यात भिजवायची, तुकडे करून ओल्या फडक्यावर अर्धा तास वाफवायची, मग तो वाफाळता गोळा कुटायचा, थंड पाण्यात बुडवायचा आणि परत मळायचा. गोळा ओढून सोडला की मागे यायला हवा. या लवचिकपणाला ते ‘कोशी’ म्हणतात. मोदकाच्या उकडीत आपण मऊपणा शोधतो, कोशी नाही. मी मऊ लागताच मळणं थांबवलं आणि माझ्या पोळ्या कडेला तडकल्या.

दुसरी चूक सवयीची. उकड हाताला चिकटायला लागली तसा मी तेलाचा हात घेतला. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने, माझा हात अलगद धरून पाण्याच्या वाडग्यात बुडवला. म्हणाल्या, तेलाने तांदळाचा वास जातो आणि दुमडलेली कड मिटत नाही. मग स्वतः एक करून दाखवली. लंबगोल चपटी, कड किंचित पातळ, मधे आंकोची गोळी. दुमडून अंगठ्याच्या बाजूने एकदाच दाब. दोनदा दाबलं की ठसा राहतो. ती एक हालचाल मला जमायला दोन आठवडे लागले.

आंकोत मात्र पुरणाचा हात उपयोगी पडला. अझुकी ही मूग-चवळीच्याच कुळातली. पहिलं पाणी ओतून टाकतात, तुरटपणा जावा म्हणून. शिजलेले दाणे चाळणीतून काढून सालं वेगळी केली, गर पाण्यात धुऊन फडक्यात पिळला आणि साखरेबरोबर आटवला की कोशीआन तयार. सालांसकट ठेवलं तर त्सुबुआन. पुरण कधी झालं हे डाव उभा राहण्यावरून ओळखणाऱ्याला इथे वेगळं शिकवावं लागत नाही. मिसोआन, म्हणजे पांढऱ्या घेवड्याच्या सारणात पांढरा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), हा प्रकार मला सुरुवातीला विचित्र वाटला. आता तोच सगळ्यात आवडतो. बऱ्याच दुकानांत कोशीआनला पानाची गुळगुळीत बाजू बाहेर आणि मिसोआनला खालची बाजू बाहेर ठेवतात, म्हणजे न उघडता ओळखू येतं.

क्योतोला गेलात तर हा सण चिमाकीचा. बांबूच्या सासा पानात लांबट गुंडाळून लव्हाळ्याने बांधलेली, मूळची चीनमधून आलेली मिठाई. पश्चिमेकडे काशिवाची झाडं कमी, हे त्यामागचं एक कारण. क्योतोचं कावाबाता दोकी हे घराणं चिमाकीसाठी शतकानुशतकं नावाजलेलं आहे.

काम शोधणाऱ्यांनी एक शब्द लक्षात ठेवावा: ‘आसानामा’, सकाळी करून त्याच दिवशी खायची मिठाई. काशिवामोची दुसऱ्या दिवशी कडक होते, त्यामुळे आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही. मी एका छोट्या दुकानात अर्धवेळ काम करत होते. 3 ते 5 मे आम्ही पहाटे चारला भट्टीपाशी असायचो आणि दुपारपर्यंत पाठ ताठ व्हायची. पण सात वाजता दार उघडल्यावर आजोबा नातवाचं बोट धरून उभे दिसतात, तेव्हा ती पहाट मला फार मोलाची वाटते. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला 28 तासच काम करता येतं. सणात मालक जास्त थांबायला सांगतील. नम्रपणे नाही म्हणा, कारण व्हिसा तुमचा आहे.

शाळेत बहुतेक ठिकाणी जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-2 या वरच्या पातळीच्या आसपासचं जपानी लागतं, आणि ते खरंच लागतं. कणीक ‘थोडी घट्ट’ की ‘थोडी जास्तच घट्ट’, हे सगळं बोलण्यातूनच कळतं. ‘सेइका एइसेइशी’ ही मिठाई कारागिरांची परवानापरीक्षाही जपानीतच असते. शिक्षणानंतर राहायचं तर वेगळा व्हिसा लागतो. 2019 पासून सुरू झालेल्या ‘तोकुतेई गिनो’ या कुशल कामगारांच्या व्हिसामध्ये खाद्यपदार्थ उत्पादन हे क्षेत्र आहे, त्याचे नियम आधी नीट वाचा. शाकाहारी असाल तर या वाटेवर तुलनेने कमी अडतं. तांदूळ, कडधान्य, साखर आणि जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळाचं कांतेन. दोरायाकी, कासुतेरा या केकसारख्या मिठायांत मात्र अंडं असतं.

निघण्याआधी घरी एक सराव करा. पुरण निववून वीस-वीस ग्रॅमच्या गोळ्या वळा, आधी वजन न करता, मग काट्यावर ठेवून बघा. एक ग्रॅम इकडे-तिकडे चालेल. तीन ग्रॅमचा फरक पडतोय तोवर रोज पन्नास वळा. शाळेत सेन्सेई पहिल्या दिवशी हेच करायला लावतात.