वरचा दोरा सारखा तुटत होता: माझा अनुभव

लक्षण: पायमशीनवर सुती ब्लाऊज शिवताना वीतभर शिवण झाली की वरचा दोरा तुटायचा. तुटलेलं टोक पिंजल्यासारखं, बॉबिनचा (खालच्या छोट्या रिळाचा) दोरा मात्र शाबूत.

सुई बदलली, तेल घातलं, टेन्शन (वरच्या दोऱ्याचा ताण) सैल केलं. तुटणं थांबेना, उलट खालून दोऱ्याचे फासे यायला लागले. तीन दिवस यात गेले, रडू यायचं बाकी होतं.

शेवटी रिळाचा हातभर दोरा खिडकीपाशी उजेडात धरला. सगळीकडे बारीक लव, मध्येच जाड गाठी. सुईच्या नेढ्यातून हाताने ओढला तर गाठ तिथेच अडली. स्वस्त म्हणून डझनाने घेतलेली रिळं होती ती.

मग या क्रमाने केलं:

आधी प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचलला. तो खाली असला की टेन्शनच्या चकत्या (ज्यांच्यामधून वरचा दोरा जातो) घट्ट मिटलेल्या असतात, आत काही शिरत नाही. जाडसर चिंधी चकत्यांमध्ये घालून मागेपुढे ओढली, आतून लवेचा गोळा निघाला. बॉबिन केसही (बॉबिन बसते ती डबी) ब्रशने झाडली.

नंतर 14 नंबरची नवी सुई. 40/2 चा पॉलिएस्टर दोरा (40 नंबरच्या सुताचे दोन पदर) फूट वर ठेवूनच ओवला. बॉबिनही त्याच दोऱ्याने भरली, जुना दोरा काढून टाकून.

टेन्शन पुन्हा मधोमध आणलं आणि दुहेरी चिंधीवर शिवून पाहिलं. वरच्या-खालच्या दोऱ्यांची गाठ कापडाच्या आत बसली. त्यानंतर चार ब्लाऊज झाले, दोरा एकदाही तुटला नाही.

जुनी रिळं आता फक्त कच्च्या टाक्यांना वापरते.