स्प्लिट वापरताना मी खाल्लेले धक्के

प्रोग्रामिंग शिकायला लागलो तेव्हा स्प्लिट, म्हणजे दिलेल्या चिन्हापाशी मजकूर तोडून तुकडे देणारं फंक्शन, मला अगदी किरकोळ वाटलं होतं. स्वल्पविराम दिसला की तोडायचं, त्यात काय एवढं! मग पायथनमध्ये वाक्यातले शब्द मोजायला बसलो आणि चार शब्दांच्या ओळीचे तुकडे भरले पाच.

बराच वेळ मी लूपलाच शिव्या घालत होतो. शेवटी स्प्लिटने दिलेली तुकड्यांची अख्खी लिस्ट प्रिंट केली, तेव्हा मधोमध दोन अवतरणचिन्हं एकमेकांना चिकटून बसलेली दिसली. आत काहीच नाही. टाइप करताना एका जागी दोन स्पेस पडल्या होत्या आणि मी स्प्लिटच्या कंसात एक स्पेस दिली होती. मग दोन स्पेसमधली ती रिकामी जागाही त्याने इमानेइतबारे एक तुकडा म्हणून मोजली. कंस रिकामा ठेवला की स्पेस, टॅब, नवी ओळ, कितीही लागोपाठ आल्या तरी एकच धरल्या जातात. तेव्हापासून शब्द हवे असतील तर मी कंसात काही लिहीत नाही.

दुसरा धक्का बेरजेचा. '१०,२०' तोडून दोन्ही तुकडे मिळवले, उत्तर आलं १०२०. तुकडे दिसायला आकडे असले तरी असतात स्ट्रिंगच, म्हणजे मजकूर; आधी इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, बदलावे लागतात. शिवाय स्प्लिट मूळ स्ट्रिंगला हातही लावत नाही, नवी लिस्ट देतं. ती व्हेरिएबलमध्ये ठेवली नाही तर गेली. (ही चूक मी अजूनही करतो.)

जावाकडे वळलात तर टिंबापाशी सांभाळा. तिथला स्प्लिट कंसातलं चिन्ह रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना, मानतो आणि त्यात टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, त्यामुळे हातात रिकामा अ‍ॅरे येतो. टिंबाआधी दोन बॅकस्लॅश द्या.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला तक्ता) मात्र स्प्लिटने तोडूच नका. पत्त्याच्या आतच स्वल्पविराम असला की पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात. पायथनमध्ये त्यासाठी सीएसव्ही मॉड्यूल तयार आहे.

आणि मराठी मजकूर? पायथनमध्ये list('किती') करून बघा. दोन अक्षरं दिसतात, तुकडे पडतात चार: क, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. मी हाच शब्द उलटा करायला गेलो, तर दीर्घ वेलांटी सुरुवातीला एकटीच लोंबकळत राहिली आणि ऱ्हस्व वेलांटी जाऊन बसली 'त'ला.