मधमाशीसाठी पाणवठा: तिसरी-चौथीच्या मुलांसाठी डिझाइनचा तास

आधी वही-पेन्सिल, साहित्य नंतर. चार-चार मुलांचे गट करून फुलझाडांपासून दोन मीटरवर 15 मिनिटं गप्प बसवा. मधमाशी कुठे उतरते, किती वेळ थांबते, पाय कशावर टेकवते, एवढंच टिपायचं. (डंखाची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हे पालकांना आधीच विचारा.)

मग अडचण तिच्याच तोंडून लिहायला लावा: ‘मला पाणी हवंय, पण पोहता येत नाही.’ हे वाक्य जमलं की अर्धं काम झालं. मुलं इथे हमखास ‘तिला घर बांधू या’ म्हणतात. ते त्यांना हवं असतं, तिला नव्हे.

आता उथळ बशी, खडे, काड्या आणि 20 मिनिटं. पाणी 2 सेंटिमीटर, खड्यांचे माथे कोरडे. तेच बुडाले तर माशीही बुडते. साखर नको, मुंग्या जमतात. चमकीचा मोह तर सगळ्यांनाच होतो, तीही नको.

बशी सावलीत ठेवा, पाणी रोज बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. आठवडाभर नोंद ठेवा. एकही माशी फिरकली नाही तर बशी फुलांजवळ सरकवा किंवा खडे बदला. दोन्ही एकदम केलं, तर फरक कशानं पडला ते कळत नाही.