भिंत पाडण्याआधी बोंबील तळा

ओपन किचनचा निर्णय लोक फोटो बघून घेतात. मोबाइल पुढे करून म्हणतात, ‘असं हवंय.’ त्या फोटोतल्या ओट्यावर लिंबांची वाटी असते, एखादी कुंडी असते; कढई कधीच नसते. तुमच्या शेगडीवर मात्र ती रोज दोनदा चढणार आहे. तेव्हा फोटो ठेवा बाजूला. वीसेक वर्षं घरांची कामं करतोय, आणि यातली सगळ्यात महागडी चूक मी स्वतःच्याच घरात करून बसलो होतो.

आधी हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पाडता येते का ते बघा. मायवानच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून उभ्या केलेल्या नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही बहुतेक काँक्रीटच्याच असतात. तिथे विषय संपला. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत नऊ इंची विटांच्या भिंतीवर स्लॅब टेकलेला असतो, तिथेही संपला. कॉलम-बीमच्या इमारतीतली चार-सहा इंची भिंत बहुधा नुसता आडोसा असते, पण ‘बहुधा’च्या भरवशावर घण घालायचा नसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी, दोन्ही हातात हवं. ‘वरच्यांनी पाडली, काही नाही झालं’ हा दाखला मला देऊ नका. आणि भिंत गेली तरी वरचा बीम तिथेच राहणार, हे लक्षात असू द्या.

वायरी आणि पाण्याची लाइन वळवणं सोपं आहे. पाइप गॅसच्या पाइपला मात्र आपल्या प्लंबरने हात लावायचा नाही; गॅस कंपनीचीच माणसं बोलवा.

आता धूर. सगळी गंमत इथेच आहे.

डोंबिवलीच्या माझ्या टू-बीएचकेत मी भिंत पाडली आणि शेगडी खिडकीजवळून उचलून हॉलच्या तोंडाशी आणली. स्वयंपाक करता करता गप्पा मारता येतील, ही कल्पना. चिमणी विकणारा म्हणाला, ‘बाराशेची आहे साहेब, काळजीच नको.’ तिथून खिडकी अकरा फुटांवर. पाइप फॉल्स सीलिंगमधून नेला, त्याला तीन वळणं आली, आणि खिडकीच्या काचेला भोक चार इंचीच होतं म्हणून शेवटी सहाचा पाइप चारवर उतरवला. चिमणी विमानासारखी घरघरायची आणि फोडणीचा धूर आरामात सोफ्यावर येऊन बसायचा. दिवाळीत पंखा पुसायला स्टुलावर चढलो तर पात्यांवर चिकट थर, त्यावर धूळ. फडकं ओढलं की पातं सोबत यायचं. एसीवाल्या पोराने जाळी काढून दाखवली आणि विचारलं, ‘काका, यात पिठलं सांडलं होतं का?’ वर्षभरात शेगडी परत खिडकीजवळ नेली. ग्रॅनाइट दुसऱ्यांदा घेतला.

तो बाराशेचा आकडा म्हणजे तासाला बाराशे घनमीटर हवा, पण तो सहसा पाइप न जोडता मोजलेला असतो. पाइप लांबला, वळला, अरुंद झाला की ओढ घटते. म्हणून शेगडीची जागा भिंतीच्याही आधी ठरवा: बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या शेजारी. पाइप सहा इंची, तो शेवटपर्यंत सहाच. वळण एक, फार तर दोन. बाहेरच्या बाजूला किंचित उतार, तोंडाला झडपेची टोपी, नाहीतर पावसाचं पाणी आत. चिमणी शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर वर. दिसायला छान म्हणून ती उंच टांगणारे डिझायनर घरी फक्त चहा करत असावेत. पाइपशिवायच्या, कोळशाच्या फिल्टरवाल्या चिमणीचं तर नावच काढू नका. ती थोडा वास धरते. वाफ आणि उष्णता घरातच सोडते.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. एसीसाठी सगळी दारं-खिडक्या बंद केल्यावर चिमणीने ओढायची हवा येणार कुठून? एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवावीच लागते. मग एसीचं बिल बघा आणि ठरवा.

हे सगळं जमत असेल, तरी भिंत पाडण्याआधी आठ दिवस स्वयंपाकघराचं दार बिजागरीतून काढून ठेवा. रविवारी बोंबील तळा. शाकाहारी असाल तर तव्यावर मिरच्या भाजून ठेचा करा. त्याआधी सोफ्याच्या पाठीवर धुतलेला, ओलसर नॅपकिन टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो हुंगा. घरातल्या प्रत्येकाला हुंगायला द्या. बातम्या लावून मिक्सर आणि कुकर चालवा, टीव्हीचा आवाज कितीदा वाढवावा लागतो ते मोजा. घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर त्याचं मत माझ्या मतापेक्षा मोठं धरा.

हॉलचा पंखा फुल करून मंद आचेवरची ज्योतही बघा. आडवी होत असेल तर दूध उतू जाण्याऐवजी गॅसच विझेल, आणि विझलेला गॅस वाहत राहतो. मध्ये भिंत असूनही ती हलत असेल, तर भिंतीनंतर काय होईल! पंख्याची जागा बदलणं हा नकाशातलाच भाग आहे, नंतर बघू म्हणायची गोष्ट नव्हे.

या परीक्षेत नापास झालात तर हळहळू नका. भिंत जमिनीपासून बेचाळीस इंच ठेवा, वर मोकळं करा आणि त्यात सरकती काच बसवा. चौतीस इंची ओट्यावर आठ इंच आडोसा राहतो, खरकटी भांडी दारातून दिसत नाहीत, आणि फोडणीच्या वेळी काच ओढून घेता येते. बहुतेक घरांना मी हेच सुचवतो. रोज मासे तळणाऱ्या घरात तर पूर्ण उघडं करायला मी सरळ नकार देतो.

भिंतीखाली फरशी नसते. तिथे ग्रॅनाइटची पट्टी टाका, जुन्या टाइलची जोड शोधत दुकानं पालथी घालू नका.

पाडणारा माणूस सगळ्यात शेवटी बोलवा. त्याचं काम एका दिवसाचं. राडारोडा लिफ्टमधून नेऊ देणार का, हे मात्र वॉचमनला नाही, सेक्रेटरीला विचारा.