सोलर बसवताना सोलापुरात हमखास होणाऱ्या चुका

स्वतःचे घर बांधणारा माणूस फरशीचा रंग ठरवायला तीन महिने घेतो आणि अंघोळीचे पाणी कशावर तापवायचे हे मात्र स्लॅब पडल्यानंतर एका दुपारी उरकतो. सोलापुरात घर उबदार ठेवण्याचा प्रश्न येत नाही. आपल्याला उष्णता लागते ती बादलीपुरती आणि कार्बन वाचवायचा तोही तिथेच. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर नेण्यासाठी गिझरला जवळजवळ ३ युनिट वीज लागते. राज्यातील बरीचशी वीज अजून कोळशावर निघते. आपल्या सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा १३२० मेगावॉटचा वीजप्रकल्पही कोळशाचाच आहे. म्हणून उन्हावर पाणी तापवणारा सोलर घ्यावाच, पण कोणता घ्यावा हे आधी आपल्या पाण्याला विचारावे.

पाणी न तपासता पॅनेल घेणे ही माझी स्वतःची चूक आहे. जुळे सोलापुरात घर बांधले तेव्हा तांब्याच्या नळ्यांचे सपाट पॅनेल टिकाऊ असते असे ऐकून मी तेच बसवले. विक्रेत्याने घरात माणसे किती हे विचारले. पाणी बोअरचे की नळाचे हे त्याने विचारले नाही आणि मलाही सांगायचे सुचले नाही. तिसऱ्या हिवाळ्यात पाणी कोमट येऊ लागले. मी दोन महिने पॅनेलची काच पुसत राहिलो आणि शेवग्याची सावली पडते म्हणून शेजाऱ्यांशी वाईटपणाही घेतला. शेवटी कारागिराने एक नळी कापून दाखवली, तेव्हा आत चुन्यासारखा पांढरा थर बसून मधोमध जेमतेम आगकाडी जाईल एवढे भोक उरले होते. नळ्या तापत होत्या, पण पाणी फिरतच नव्हते.

आता कोणी सल्ला विचारला की मी आधी त्यांच्या स्वयंपाकघरात जातो. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला पांढरे कडे धरले असेल आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही अशी घरातील बाईंची तक्रार असेल, तर पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, आहे हे समजून घ्यायला मला प्रयोगशाळा लागत नाही. अशा घरी एकतर हीट एक्स्चेंजर असलेले सपाट पॅनेल घ्यावे, कारण त्याच्या नळ्यांत वेगळेच पाणी फिरते आणि टाकीतल्या पाण्याला बाहेरून उष्णता देते, बोअरचे पाणी तिथे जातच नाही, किंवा काचेच्या नळ्यांचा सोलर घ्यावा आणि त्या नळ्या वर्षातून एकदा काढून धुवाव्यात. धुण्याचा कंटाळा असणाऱ्याने दुसऱ्या पर्यायाच्या वाटेला जाऊ नये.

काचेच्या नळ्यांची दुसरी खोड आमच्या मेव्हण्यांनी भर एप्रिलमध्ये अनुभवली. महापालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते हे ठाऊक असूनही त्यांनी टाकी रिकामी असताना नळ्या बसवून घेतल्या, कारण वास्तुशांतीची तारीख जवळ आली होती. कोरड्या नळ्या उन्हात २०० अंशांच्या पुढे तापू शकतात. दुपारी पाणी आले, मेव्हण्यांनी उत्साहाने मोटार चालू केली आणि पाठोपाठ तीन नळ्या फुटल्या. पहिले पाणी नेहमी पहाटे भरावे, आणि तेवढा दम नसेल तर निदान नळ्यांवर जाड गोणपाट टाकून त्या थंड होईपर्यंत थांबावे.

थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा उंच हवा. नाहीतर साध्या सोलरची टाकी पूर्ण भरत नाही. त्यामुळे जिन्याच्या टोपीवर टाकी बसवायची हे स्लॅबआधीच गवंड्याला सांगावे. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार सुमारे ३० अंशांचा ठेवावा. चौघांच्या घरात पाहुण्यांसाठी म्हणून ३०० लिटरचा सोलर घेऊ नये. उन्हाळ्यात आपल्या नळालाच गरम पाणी येते, आणि पाणी जितके जास्त तापते तितका क्षारांचा थर जास्त बसतो. मी तर मार्च संपला की पॅनेलवर हिरवी शेडनेट टाकतो. गच्चीवर दिवसभर सावली असेल तर गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम करणारा, हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप बघावा.

न्हाणीघर सोलरपासून २० मीटर दूर ठेवले, तर २० मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपातले ६ लिटर थंड पाणी रोज आधी सोडून द्यावे लागते. सोलरच्या टाकीतील विजेची कॉइल बारा महिने चालू ठेवणाऱ्यांना काय म्हणावे हे मला कळत नाही. आमच्याकडे तिचे बटण मी मुद्दाम गच्चीच्या दाराशी बसवले आहे, आणि पावसाळ्यात सलग दोन दिवस ऊन पडले नाही तरच कोणीतरी ते दाबायला वर जाते.