स्टेटमध्ये मेंटल हेल्थ सेंटर्सचं बिल आलंय? आधी पैशाची ओळ शोधा

अमेरिकेत तुमच्या राज्यात कम्युनिटी मेंटल हेल्थ सेंटर्स मजबूत करायचं बिल आलं असेल तर नुसतं नाव वाचून खूश होऊ नका. 1963 मध्ये केनेडींनी सही केली त्या कायद्यात इमारती बांधायला पैसे होते, स्टाफच्या पगाराला 1965 मध्ये ग्रँट आली पण तीसुद्धा ठराविक मुदतीपुरती, मग ठरवलेल्या 1500 सेंटर्सपैकी निम्मीच उभी राहिली आणि तिकडे मोठी मेंटल हॉस्पिटलं रिकामी होत गेली. त्याची झळ अजून घराघरात बसतेय.

तर विधिमंडळाच्या साइटवरून बिलाचं सगळ्यात नवीन व्हर्जन काढा, कमिटीत मजकूर बदलतो म्हणून जुनं वाचू नका. त्यात 'शॅल' आहे की 'मे' ते बघा, शॅल म्हणजे करावंच लागेल, मे म्हणजे वाटलं तर. 'सब्जेक्ट टू अप्रोप्रिएशन' असं कुठे असलं तर बजेटमध्ये पैसे ठेवले तरच ते होणार. सोबत फिस्कल नोट असते, खर्च किती ते त्यात कळतं, ती सोडू नका.

मग मेडिकेडचा रेट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यातून उपचारासाठी सेंटरला मिळणारे पैसे. मला तरी सगळा जीव इथेच आहे असं वाटतं, कारण रेट कमी असला की थेरपिस्ट टिकत नाहीत आणि पेशंट वेटिंग लिस्टवर राहतो. सीसीबीएचसी (सर्टिफाइड कम्युनिटी बिहेविअरल हेल्थ क्लिनिक) हा शब्द आहे का शोधा. 2014 च्या केंद्राच्या कायद्यातून आलेलं हे मॉडेल 2017 मध्ये 8 राज्यांत सुरू झालं, यात सेंटरला खऱ्या खर्चावरून ठरलेला दिवसाचा किंवा महिन्याचा रेट मिळतो, बदल्यात 24 तास क्रायसिस सेवा द्यावी लागते आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही.

कमिटीत बिलावर हिअरिंग म्हणजे सुनावणी असते, तिथे बोलायला घाबरू नका, सिटिझन नसलात तरी बोलता येतं. वेळ बहुतेक दोन-तीन मिनिटंच मिळतो म्हणून घरातला एक अनुभव आणि एकच मागणी, बाकी लेखी द्या. तारखा आधीच बघून ठेवा, टेक्ससमध्ये रेग्युलर सेशन फक्त विषम वर्षात, 140 दिवसांचं असतं, चुकलं की दोन वर्षं गेली.

गव्हर्नरची सही झाल्यावरही बजेट बिल उघडून सेंटर्सची ओळ आहे का बघा, नसेल तर तुमच्या आमदाराच्या ऑफिसला फोन लावा.