कॅसेटीवर गावाचं नाव नसतं तेव्हा

एका गुरुजींच्या माघारी त्यांच्या मुलाने आमच्याकडे चपलांच्या खोक्यातून अकरा कॅसेटी आणून दिल्या. दहांवर काही ना काही लिहिलेलं होतं. अकरावीवर पेन्सिलीने फक्त ‘गाऱ्हाणां’. गाव नाही, साल नाही, गाऱ्हाणं कोणी घातलं त्याचं नाव नाही.

पारंपरिक आणि धार्मिक संगीताच्या क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांचा आमचा एक लहानसा संग्रह आहे, तिथे मी सहा वर्षं काम करते. मी मूळची कुडाळची. दर उन्हाळ्यात दोन-चार मुलंमुली विचारायला येतात, या कामात यायचं तर काय शिकावं लागतं? त्यांना मी आधी ही अकरावी कॅसेट ऐकवते.

गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवापुढे मिळून घातलेली विनवणी. ते घालणारा एकेका देवाला हाक मारतो आणि जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणतात. रवळनाथ आला, सातेरी आली. या दोघांची देवळं सिंधुदुर्गात गावोगाव, त्यामुळे तेवढ्यावरून काही कळेना. मग पूर्वस, चव्हाटा, सीमेवरचा देवचार ही गावातली राखणदार दैवतं, आणि अगदी ओझरतं एका वहाळाचं, म्हणजे ओढ्याचं नाव. तो वहाळ धरून मी तालुक्यात फोन लावत गेले. तिसऱ्या गावच्या गुरवांनी फोनवरच दीड मिनिट ऐकलं आणि म्हणाले, “ह्यां आमचांच.”

आवाज कोणाचा ते त्यांना ओळखता आलं नाही. पण देवांची नावं ज्या क्रमाने येतात, तो क्रम देवळाच्या जीर्णोद्धारानंतर बदलला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे ध्वनिमुद्रण त्याच्या आधीचं. जे कॅसेटीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते गाऱ्हाण्यानेच सांगितलं. या कामातलं मला सगळ्यात प्रिय असलेलं शिक्षण हेच, आणि ते मालवणी कानाशिवाय झालं नसतं. म्हणून पदवी कोणती हा प्रश्न मी दुसरा ठेवते. पहिला प्रश्न, तुम्हाला तुमच्या भागातली बोली, देवस्की, मानपान, सणवार किती कळतात? नमन-खेळे आणि जाखडी या कोकणातल्या लोककलांतला फरक ऐकून सांगता येतो का? डबलबारीच्या, म्हणजे दोन मंडळांच्या चढाओढीच्या भजनात बुवा गजर कधी घेतो, हे माहीत आहे का?

नोंदीचं महत्त्व मी स्वतः चुकून शिकले. पहिल्याच वर्षी एका वाडीत धालोची, म्हणजे बायकांनी मिळून गात नाचायच्या खेळाची गाणी मुद्रित केली. मांडावर, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या अंगणात, समोरासमोर दोन रांगा, चौदा जणी. ध्वनिमुद्रण उत्तम झालं. नावं ‘उद्या लिहू’ म्हणून राहिली. पुन्हा गेले तेव्हा त्यांतल्या दोघी मुंबईला लेकाकडे गेल्या होत्या, आणि पहिली ओळ कोणी उचलायची यावरून उरलेल्यांत एकमत होईना. ती नोंद आजही अर्धी आहे. तेव्हापासून ध्वनिमुद्रण सुरू करताना मी स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, वाडी, प्रसंग आणि गाणाऱ्यांची नावं बोलून घेते, आणि बंद करण्याआधी गाणाऱ्यांकडून त्यांची नावं त्यांच्याच तोंडून. कागद हरवतो, हे आवाजातलं लेबल फाइलीबरोबर राहतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी जात्यावरच्या ओव्यांचं जे काम उभं केलं, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. मला त्या आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते ती ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव असण्याची. नवीन मुलांनी हा संग्रह आधी नीट ऐकावा.

आता यंत्राकडे. कोकणात आमचा खरा वैरी पावसाळा. हवेतल्या ओलीने टेपवर बुरशी धरते, पांढरी, पिठासारखी. अशी कॅसेट थेट प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर बसते आणि पुढच्या दहा कॅसेटींना लागते. आम्ही ती वेगळ्या डब्यात सिलिका जेलसोबत कोरडी करतो, मग मास्क लावून मऊ कापडाने साफ करतो. 22 जुलै 2021 ला चिपळूणला पूर आला. त्यानंतर एका भजनी मंडळाच्या गाळाने भरलेल्या कॅसेटी माझ्याकडे आल्या, त्या कोणीतरी मायेने उन्हात वाळत घातलेल्या. गाळ टेपच्या थरांत वाळून बसला होता. भिजलेली टेप स्वच्छ पाण्यात गाळ सुटेपर्यंत धुवून सावलीत, पंख्याखाली सुकवायची असते. मग स्क्रू काढून टेप गुंडाळलेल्या दोन्ही चकत्या तशाच उचलून नव्या कॅसेटीच्या कवचात बसवायच्या. सातांपैकी चार वाचल्या.

जुन्या कॅसेटीत आणखी एक ठिकाण बघायचं, ते म्हणजे टेपला मागून दाबणारी फेल्टची बारकी गादी. तिचा गोंद सुटला की ती पडते आणि आवाज गुदमरल्यासारखा येतो. ती परत चिकटवता येते. आणि कॅसेट हातात आल्या आल्या मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पात्या मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून काही मुद्रित होणार नाही. एका सुंदर दशावतारी नाटकाच्या मध्यात कोणीतरी मुद्रित केलेली सिनेमाची गाणी मी ऐकली आहेत. ती वीस मिनिटं कुठूनही परत येणार नाहीत.

प्लेअरच्या हेडचा कोन जुळवायला बारीक स्क्रू असतो. शिकवणारे तो चाचणीच्या टेपवर जुळवायला शिकवतात, आणि ते शिकाच. पण प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याचा कोन वेगळा होता, म्हणून शेवटी कानच लागतो. दशावताराच्या टेपवर मी झांजेकडे लक्ष देते. कोन चुकला की पखवाज ठीकच वाटतो, पेटीही चालते, पण झांज मात्र कापडात गुंडाळल्यासारखी येते. स्क्रू केसभर फिरवत जायचं. एका क्षणी झांज लख्ख उघडते, तिथे थांबायचं.

डिजिटल प्रत आम्ही 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह स्वरूपात घेतो. तासाला सुमारे 2 जीबी जागा लागते. एमपी3 फक्त ऐकवण्यासाठी. मूळ प्रतीतला कुत्रा, खोकला, मधलं बोलणं काहीही काढत नाही. खोकल्यानंतर गाणारी कुठल्या शब्दावरून पुन्हा उचलते, यावरून गाण्याची बांधणी कळते. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते, तिथे घाई चालत नाही. नोंदीसकट दिवसाला तीन झाल्या तर चांगला दिवस. लिहून घेताना बोली प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. ‘माका’ गायलं असेल तर ‘माका’च लिहा.

स्वतः मुद्रित करायला जाल तेव्हा मोबाइलवर भरवसा ठेवू नका. शिमग्यात पालखीपुढे ढोल-ताशा सुरू झाला की मोबाइलचा आवाज फाटतो. रेकॉर्डरची पातळी आधीच खाली ठेवा, कानाला हेडफोन लावा. भजनी मंडळ लाउडस्पीकरवर गात असेल तर कर्ण्यापासून दूर, बुवांच्या बाजूला बसा. दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो, तेव्हा बॅटऱ्या दुप्पट न्या. ‘धार्मिक संगीत’ म्हणजे फक्त देवळातलं असंही समजू नका. रायगडच्या बेने इस्रायली या ज्यू समाजात मराठीतून कीर्तनं होत. समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, त्यामुळे त्यांचं गाणं ऐकायला आज किनारा सोडून जावं लागतं.

ध्वनिमुद्रण आपण केलं म्हणून ते आपलं होत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे स्वतंत्र हक्क आहेत आणि ते 50 वर्षं टिकतात. पण त्याहून आधी गावाचा शब्द. त्या गाऱ्हाण्याची प्रत मी मानकऱ्यांना नेऊन दिली तेव्हा त्यांनी चर्चा करून सांगितलं, संग्रहात येऊन कोणीही ऐकावं, पण इंटरनेटवर घालू नये, कारण गाऱ्हाणं देवासमोरच घालायचं असतं. तसं नोंदपत्रावर लिहिलं आणि तसंच पाळतो. प्रत परत नेण्याची ही रीत नवी नाही. आर्नोल्ड बाके या डच संशोधकाची 1938 ची ध्वनिमुद्रणं घेऊन नझीर जयराजभॉय आणि एमी कॅटलिन 1984 मध्ये त्याच गावांमध्ये गेले होते.

शिक्षणाचं विचाराल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी सूची करायला फार उपयोगी पडते. मोठा संग्रह कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल तर 1982 मध्ये पुण्यात सुरू झालेलं आणि आता गुरुग्रामला असलेलं ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी’ बघून या. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. बहुतेक कामं प्रकल्पाची, वर्ष-दोन वर्षांची. मी पहिली तीन वर्षं सकाळी शिकवण्या घेऊन दुपारी हे काम केलं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि माझ्याकडे येण्याआधी एक करा. तुमच्या घरात, मामाकडे, वाडीतल्या मंडळाच्या कपाटात एक तरी जुनी कॅसेट असेल. ती वाजवू नका, आधी घेऊन या. सोबत ती कोणी, कुठे, कशासाठी मुद्रित केली हे घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारून एका कागदावर लिहून आणा. आजीला आठवायला दोन दिवस लागले तरी थांबा.